सात खोल्या, एक मीटर

टेंभुर्णीचा घरमालक मूळचा शेतकरी असतो. जाफराबाद तालुक्यातल्या या गावात भाड्याने द्यायचे म्हणून सहसा कोणी घर बांधत नाही. कापसाचे एखादे वर्ष बरे जाते, रस्त्याकडेच्या प्लॉटवर पोरांसाठी खोल्या काढल्या जातात आणि पोरे पुण्याला कंपनीत लागतात. मागे उरलेल्या खोल्यांना मग ‘रूम’ म्हणतात. एका ओळीत सात खोल्या, वर पत्रे, पुढे लांबलचक ओटा, टोकाला एक मोरी आणि एक संडास. एवढ्याचा जो धनी, तो मालक. त्याची बायको मात्र मालकीणबाई नसते, काकू असते. ती भाडेकरूंना ताक देते आणि रात्री कोण किती वाजता आले हे लक्षात ठेवते.

टेंभुर्णी हे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाचे नाव. या नावाचे अधिक प्रसिद्ध गाव सोलापूर जिल्ह्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. त्यामुळे नव्या भाडेकरूच्या पार्सलसाठी फोनवर ‘सोलापूर नाही हो, जालना, जालना!’ असे ओरडणे ही मालकाची पहिली सेवा. तिचे पैसे तो घेत नाही.

भाडेकरूची निवड ओट्यावर होते. भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी निघतो. आधी गाव, मग तालुका, मग ‘आडनाव काय म्हणले?’, मग त्या आडनावाचे तिकडे कोण कोण आहेत. हा प्रश्न कुठल्याही करारात छापलेला नसतो, पण खोली रिकामी आहे की ‘कालच गेली’, हे त्याच्या उत्तरावर ठरते. मालकाच्या स्वभावातल्या या एका भागाला हसता येत नाही.

जे पास होतात त्यांचीही प्रतवारी असते. बँकेतला माणूस पहिल्या नंबरचा, कारण पगार एक तारखेला. ग्रामसेवक उपयोगाचा, त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणायचे आणि भाड्याची आठवण नमुना आठच्या उताऱ्याबरोबर करून द्यायची. पोलीस ठेवला तर चोर फिरकत नाही, मात्र भाडे मागायला मालकही फिरकत नाही. बारावीच्या पोरांचे भाडे बाप भरतो. खोली एकाच्या नावावर असते आणि सकाळी दात घासायला पाच जण निघतात.

या सगळ्यांवर मालकाची सत्ता चालते ती विजेच्या मीटरमुळे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ पासून आणखी महाग. सात बिऱ्हाडांनी प्रत्येकी ६० युनिट जाळली आणि प्रत्येकाचे मीटर वेगळे असले, तर सातही जण स्वस्तात सुटतील. मीटर एकच असले की बेरीज ४२० होते आणि बिल तिसऱ्या टप्प्यात शिरते. मालक हे गणित तोंडी करतो, तरीही तो सात मीटर घेत नाही. ज्याच्या नावावर लाईटबिल येते तो उद्या खोलीवर नाव सांगेल, ही त्याची पक्की धारणा. शिवाय त्याचे स्वतःचे घर त्याच मीटरवर असते. भाडेकरूंकडून तो खोलीच्या सबमीटरवरच्या युनिटांचे पैसे वरच्या टप्प्याच्या दराने घेतो. पहिल्या शंभर युनिटांची स्वस्ताई घरातच राहते.

म्हणून मालक संध्याकाळी टीव्ही पाहत नाही, मीटर पाहतो. त्यावरचा लाल दिवा किती भरभर लुकलुकतो यावरून कुठल्या खोलीत काय चालले आहे ते त्याला कळते. ‘तिसऱ्यात शेगडी लावलेली दिसते,’ असे तो काकूंना सांगतो, आणि ते बहुधा खरे निघते. तिसऱ्या खोलीतले सर तोवर शेगडी खाटेखाली सरकवून घाम पुसत दार उघडतात. खाटेखालून धूर आला तरी मालक शेगडीचे नाव काढत नाही. ‘सर, उकडतंय का?’ एवढेच विचारतो.

पाण्याचा कारभार साधा आहे. बोअरची मोटर सकाळी वीस मिनिटे चालते, जो उठला त्याची बादली भरते. कुणी कुरकुर केलीच, तर २०१२-१३ चा दुष्काळ सांगितला जातो. ‘तव्हा दोन घागरीवर माणसं राह्यली’, या वाक्यापुढे कुणाचे काही चालत नाही.

करार म्हणजे डायरी. जालना बियाण्यांच्या कंपन्यांचे शहर, तेव्हा डायरी फुकट मिळालेली असते. संकरित कापसाच्या चित्राखाली उचल, जमा, बाकी. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मराठवाड्यात तोवर चालत आलेला हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा गेला. नव्या कायद्याचे कलम ५५ म्हणते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे. मालकाच्या मते हा कायदा मुंबईचा. हे मत अगदीच निराधार नाही, कायदा कुठे लागू हे अनुसूचीत नोंदलेल्या ठिकाणांवर ठरते. मालकाने अनुसूची पाहिलेली नसते, एवढेच.

तरी स्टँपपेपरवर टाईप केलेला एक करार त्याच्या कपाटात असतो, तो खोली क्रमांक सातचा, कारण तिथल्या सरांना गावात राहत असल्याचा कागद लागतो. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांनी मुख्यालयी राहावे आणि तसा ग्रामसभेचा ठराव द्यावा, असे ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये ठरवले. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये विधानसभेत हा विषय काढला, तेव्हा शिक्षक संघटना खवळल्या होत्या. सातव्या खोलीतले सर त्या वेळी चार दिवस खरोखर मुक्कामाला आले आणि मोरी कुठे आहे असे त्यांनी काकूंना विचारले. एरवी ते जालन्याहून अप-डाऊन करतात. मालकाच्या लेखी भाडेकरू असावा तर असा. पाणी नाही, पाहुणा नाही, शेगडी नाही, भाडे मात्र दर महिन्याला मोबाईलवर जमा. त्या खोलीचे सबमीटर तीन वर्षे एकाच आकड्यावर थांबलेले आहे. मालक तिथे कापसाच्या गोण्या ठेवतो, आणि तपासणीला कुणी येणार असे कळले की गोण्यांवर सतरंजी टाकतो.

खोली क्रमांक तीन परवा रिकामी झाली. चौकशीला संध्याकाळी सातनंतर यावे. शेगडी सोबत असल्यास ते आधी सांगू नये.