सेल्फ, चोक आणि ओहमचा नियम

फिजिक्सच्या निवृत्त प्राध्यापकाने जुनी गाडी बाळगू नये. गाडी बिघडते, त्याचं एवढं काही नाही. पण ती बिघडली की येणारा-जाणारा थांबतो आणि ‘सर, तुम्हाला तर कळतच असेल,’ म्हणून पुढे जातो, ते सोसवत नाही.

माझी प्रीमियर पद्मिनी 1981 सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात 1974 मध्ये या मॉडेलचं पद्मिनी असं बारसं झालं, पण साताऱ्यात तिला अजूनही फियाटच म्हणतात. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगखाली. मागच्या हिवाळ्यात तिला मी हौसेने नवा रंग दिला. ‘कोनाकोपरा सोडायचा नाही,’ असं पेंटरला बजावलं होतं. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सेल्फ जड झाला. तोंडी परीक्षेत मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर देतो तसा: घुंऽऽ... मग बराच विचार... घुंऽऽ.

आमची गल्ली उताराची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहण्याचा हा फायदा. सेकंड टाकायचा, गाडी सोडायची आणि क्लच उचलायचा. उतार होता म्हणून निदानाची घाई नव्हती, आणि घाई नव्हती म्हणून मी स्वतःच निदान करायचं ठरवलं.

पहिला संशय अर्थातच बॅटरीवर. दुकानदार म्हणाला, ‘सर, उतरलीय.’ विश्रांतीत ती 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. पण नवी घेतली. बॅटरी नवी, घुंऽऽ जुनंच. रात्री हेडलाइट लावून सेल्फ मारला, तर दिवे जराही मंदावले नाहीत. यावरून मी सिद्ध केलं की बॅटरी उत्तम, म्हणजे सेल्फच गेलेला. (दिवे जे सांगत होते त्यातला अर्धाच भाग मी ऐकला. सेल्फ जळत असता किंवा आतून घासत असता, तर त्याने करंट भरमसाट ओढला असता आणि दिवे लोळले असते.)

सेल्फ उतरवला. कार्बन ब्रश नवे, बुश नवे, आर्मेचर साफ. गॅरेजच्या टेबलावर तो असा गरगरला की मिस्त्री कौतुकाने बघत राहिला. गाडीत बसवला आणि घुंऽऽ. मग कुणीतरी ऑइल घट्ट असेल म्हणालं, कुणी टायमिंग पुढे गेलंय म्हणालं. तेही सगळं करून झालं.

आता वायरी उरल्या होत्या. मल्टिमीटर काढून एकेका वायरीचा रोध मोजला. सगळीकडे शून्य, शिवाय मीटर पीं करून दाद देत होता. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीलाही मी पूर्ण मार्क दिले.

एके सकाळी हिला स्टिअरिंगवर बसवून मी बॉनेटमध्ये डोकं घातलं.

‘अहो, हा चोक गरम लागतोय.’

‘चोक म्हणजे कार्बोरेटरमधली हवा अडवणारी झडप. तिला ओढणारी ही साधी तार आहे. ती गरम होण्याचं काही कारणच नाही,’ मी बॉनेटमधूनच समजावलं.

‘मग या बोटाला समजवा,’ ती म्हणाली. बोट लाल झालं होतं.

पोवई नाक्याजवळच्या वायरमन पोराला बोलावलं. तो माझा विद्यार्थी नव्हता, त्यामुळे मला ‘काका’ म्हणाला आणि लगेच कामाला लागला. चोकचं ऐकून हसला. जाड जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाला लावून म्हणाला, ‘मारा सेल्फ.’ इंजिन अर्ध्या फेरीत उचललं.

बॅटरीतून निघालेला करंट सेल्फमधून इंजिनात येतो आणि त्याला परत मायनसला जायचं असतं. पण इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणून ती विणलेली पट्टी. आमच्या पेंटरने पट्टी सोडून तिच्या बोल्टाखालीही झकास रंग मारला होता. बोल्टाच्या आट्यांतून थोडा करंट जात होता. बाकीचा चोकच्या तारेवरून घरी परतत होता. दिवे बॉडीवर अर्थ झालेले, त्यांना काय त्याचं!

आणि मीटर? अडथळा असेल 0.02 ओहमचा. मीटरच्या चिमूटभर करंटला तो दिसणं शक्यच नाही. सेल्फ ओढतो दीडशे अँपिअर. 150 गुणिले 0.02, म्हणजे 3 व्होल्ट वाटेतच खलास. हा गुणाकार मी आयुष्यभर फळ्यावर करून दाखवला होता आणि पेपरात तो चुकवणाऱ्यांचे मार्कही कापले होते.

तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनो, सेल्फ जड झाला तर दुकानात जाण्याआधी मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा पाव व्होल्टच्या पुढे गेला तर दोष अर्थिंगचा. आणि गाडी रंगवून आणलीत, तर त्या बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून घ्या. पेंटरचे पैसे त्यानंतर द्या.