कुठं दुखतंय ते सांग

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला गाव आजारपणातून ओळखू येतं. कुणाची साखर वाढली, कुणाच्या घरी पाळणा हलणार, कुणाची सासू मुक्कामाला आलीय आणि म्हणून कुणाला झोपेची गोळी लागतेय, सगळं काउंटरवर येतं. आमच्या वाशीतला रेसर मला असाच, एकेका अवयवानं माहीत झाला.

पहिल्यांदा आलं ते मनगट.

"काका, क्रेप बँडेज द्या."

"कुठं पडलास?"

"पडलो नाय. गाडी घेतलीय."

गाडी घेतली की पेढे वाटायची रीत आहे. सरमकुंडी फाटा जवळ, खव्याला तोटा नाही. तरी हा पेढ्याऐवजी बँडेज मागत होता. बाहेर नजर टाकली तर दारात एक निळं जनावर नाक खाली घालून, शेपूट वर करून उभं होतं. विंचू आणि टोळ यांची सोयरीक जमली असती तर लेकरू असंच निघालं असतं.

रेसर हे त्याचं नाव नव्हे, तो प्रकार आहे. तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी असतो. वय बावीस ते सव्वीस. पोलीस भरतीची तयारी 'चालू'. हेल्मेट कायम कोपराला अडकवलेलं, त्यामुळं अंगातला सगळ्यात सुरक्षित अवयव कोपर. गाडीचा हप्ता फेडायचा तो वडलांच्या सोयाबीननं, सोयाबीनचा भाव ठरवायचा तो बाजारानं, आणि एक्सलेटर पिळायचा तेवढा यानं.

आमच्या पिढीचा रेसर आरएक्स हंड्रेडवर असायचा. 1985 ला ती आली, 1996 ला बंद झाली, पण तिच्यावर माणूस माणसासारखा बसायचा. पाठ ताठ, हात मोकळे, वाटेत कुणी भेटलं तर रामराम घालता यायचा. पुढं 2008 साली यामाहानं आर वन फाइव्ह आणली आणि गावोगावची पोरं पुढं वाकली. त्या घराण्याच्या गाड्यांना एकसंध हँडल नसतं. दोन ठोकळे पुढच्या दांड्यांना खाली आवळलेले असतात, त्याला क्लिप-ऑन म्हणतात. पाय ठेवायचे खुंटे मागं आणि वर. आत्ताच्या आर वन फाइव्हची सीट जमिनीपासून 815 मिलिमीटर, म्हणजे बत्तीस इंच. थोडक्यात, गुडघे दुमडून, ढुंगण वर करून, मुंडकं पुढं काढायचं. शाळेत गुरुजी याला कोंबडा म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात मान आली. तिसऱ्या आठवड्यात कंबर, गरम पाण्याच्या पिशवीसकट. चौथ्या आठवड्यात तो बराच वेळ टूथपेस्टकडं बघत उभा राहिला. बायाबापड्या निघून गेल्यावर हळूच म्हणाला, "काका, ती गोल रिंग असतीय ना, हवेची?"

"मूळव्याधीची?"

"हळू बोला की."

ती रिंग त्यानं सीटवर ठेवली. दोन दिवस बरी चालली. तिसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या गतिरोधकावर तिचं बूच निघालं आणि ती अशा काही आवाजात रिकामी झाली की चहाच्या टपरीवरचे सगळे लोक रेसरकडं बघायला लागले, आणि रेसर गाडीकडं. त्याच महिन्यात बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत. त्यांना कुणीतरी तब्येतीचं सांगितलं होतं. मी नाही सांगितलं. औषधवाल्याचं तोंड बंद असतं, हे एवढं लिहितोय ते सोडून.

गॅरेजच्या मिस्त्रीनं पहिल्यांदा कामाची गोष्ट केली. गाडीवर बसवलं, हात पुढं धरायला लावला आणि दहा नंबरचा पाना घेऊन क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले. "कोपरापासून बोटापर्यंत एक रेघ आली पायजे. मनगट मोडलं की दुखणार." मग मांडीवर चापट मारून म्हणाला, "टाकी गुडघ्यांनी आवळ. हातानं गाडी वळवायची असती, गाडीला लोंबकळायचं नसतं." तेव्हापासून बँडेजचा खप निम्म्यावर आला. मिस्त्रीचा मला तसा राग नाही.

पण खरी गोम वेगळी होती, आणि ती रेसरनंच मला मोबाइलवर दाखवली. ही बैठक वाऱ्यासाठी असते. गाडी नव्वद-शंभरच्या पुढं गेली की समोरचा वारा छातीला रेटतो, धड उचलून धरतो आणि मनगटावरचा भार उतरतो. वारा हाच पाठीचा तक्क्या. आता हा तक्क्या वाशीत कुठून आणायचा? गल्लीत गतिरोधक, गतिरोधकावर शेळी, शेळीमागं तिची मालकीण. सोलापूर-धुळे महामार्गावर जावं तर केंद्र सरकारनं 2018 साली चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल मर्यादा ठरवली ताशी 80. वारा जिथं आधाराला यायला लागतो, तिथं कायदा आडवा येतो.

त्यानं एक फोटोही दाखवला. अमेरिकेतलं मिठाचं मैदान, साल 1948. रॉली फ्री नावाचा गडी व्हिन्सेंट गाडीवर अक्षरशः पालथा झोपलाय, पाय मागं लांबवलेले, अंगावर फक्त पोहायची चड्डी. आधीच्या फेऱ्यांत चामड्याचा पोशाख वाऱ्यानं फाटला, म्हणून काढून टाकलेला. त्या चड्डीत त्यानं ताशी 242 किलोमीटर गाठले.

"बघा काका, पोझिशन!"

मी बघितली. आमच्याकडं चड्डीवर पालथं पडलेल्या माणसाला लोक आधी पाणी पाजतात, मग घरी कळवतात.

शेवटी त्याला कुणीतरी तालमीतल्या वस्तादांकडं नेलं. त्यांनी गाडी बघितली नाही, पोराचं पोट बघितलं. बोट रुतवून म्हणाले, "हितं दम न्हाई. पैलवान तासभर वाकून खडाखडी करतोय, त्याची कंबर दुखतीय का? धड पोटानं आन् पाठीनं धरायचं आसतंय. तुझं धड हातावर पडायलंय." मला पटलं. मिस्त्री जे गुडघ्यापासून सांगत होता, तेच वस्ताद बेंबीपासून सांगत होते. रेसरला रोज शंभर बैठका लावल्या. चौथ्या दिवशी तो दुकानात आला तो भिंतीला धरून.

"आता कुठं?"

"मांड्या."

त्या आठवड्यात गाडी अंगणात उभी होती. तिच्यावर बसायला आता पायच वर जात नव्हता.

या सगळ्यात त्याच्या आजीचं मत कुणी विचारलं नव्हतं. म्हातारी बीपीची गोळी न्यायला आली तेव्हा मीच विचारलं. तिनं ओट्यावर टेकून पान काढलं, चुना लावला, आणि म्हणाली, "आमी जल्मभर खुरपायलो. सकाळी वाकायचं ते दिस मावळता उठायचं. पर आमाला वाकायचा रोज मिळायचा बाबा. ह्यो पावणेदोन लाख भरून वाकायलाय."

मग चैत्र आला. येरमाळ्याची येडाईची जत्रा. रेसरनं आजीला गाडीवरून न्यायचं ठरवलं. मागची सीट ओंजळीएवढी, तीही पुढच्यापेक्षा वर. म्हातारीनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि काळी-पिवळीत जाऊन बसली. हा बिचारा जीपच्या मागं धूर खात, सव्वाशेच्या वेगाची बैठक घालून, पंचवीसच्या वेगानं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडं निघते आणि वाटेत लाखो माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. मीही होतो. गर्दीत बघतो तर म्हातारी बांधावरून झपाझप खडे उचलतेय, पदरात टाकतेय, पुढं सरकतेय. मागं नातू दोन्ही हात कमरेवर ठेवून, आभाळाकडं बघत उभा.

"वाक की रं," ती म्हणाली.

"वाकलो तर उठायचा नाय."

तिनं त्याच्या वाट्याचेही वेचले.

परवा तो दुकानात आला तेव्हा मला वाटलं, एवढं उन्हातान्हात वाकून म्हातारीला काहीतरी झालं असणार. मी विचारलं, आजीला काय देऊ?

"आजीला काय झालंय?" तो म्हणाला. "तो कमरंचा पट्टा द्या. रुंदवाला."