स्वयंनियुक्त पोस्टमास्तर

स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ई-मेल स्वीकारणारा, साठवणारा आणि पुढे धाडणारा संगणक, पदरमोड करून बाळगणारे गृहस्थ त्याचे समर्थन खासगीपणाच्या तत्त्वावर करतात. परंतु ज्यांना ते पत्रे लिहितात त्यांपैकी बहुतेकांची खाती बड्या कंपन्यांकडेच असल्यामुळे बहुतेक पत्रांची प्रत तेथे पोहोचतेच, आणि म्हणून पत्त्यात स्वतःचे आडनाव झळकावे हाच या उद्योगाचा मूळ हेतू मानणे भाग पडते.

शिवाय या हौसेबरोबर पदही मिळते. ई-मेलच्या देवघेवीचे ‘एसएमटीपी’ नावाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्या नियमांच्या आजच्या रूपानुसार पत्रे स्वीकारणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ या नावाची पेटी असावीच लागते. सरकारी पोस्टमास्तराला परीक्षा, बदली आणि हिशेबतपासणी चुकत नाही. येथे नेमणूक स्वतःच करायची, कर्मचारी नाहीत, आणि खातेदार म्हणजे पत्नी, मुले व सासरे, ज्यांपैकी पत्नी व मुले गुपचूप अन्यत्र खाती उघडून बसलेली असतात आणि सासऱ्यांना पासवर्ड आठवत नसतो. पोस्टमास्तरांच्या पेटीत नेमाने पत्र टाकणारा एकमेव इसम म्हणजे तो सर्व्हरच: रात्री काय घडले याचा अहवाल तो पहाटे पाठवतो, आणि काहीच घडलेले नसले तरी साहेब तो चहाबरोबर सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

या पदाची कसोटी ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणाऱ्या प्रणालीच्या, अपडेटच्या वेळी लागते. डेबियन ही अशीच एक प्रणाली असून तिच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील पात्रांची नावे असतात. अपडेट चालू असता, हाताने बदललेली कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे प्रोग्रॅमला दिलेल्या सूचनांची यादी, जुनीच ठेवायची की नवी घ्यायची, असे ती अदबीने विचारते, आणि स्वतःच्या अक्षरावर लुब्ध असलेला मालक अर्थातच जुनी ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’ या १३व्या आवृत्तीबरोबर पत्रपेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉट या प्रोग्रॅमची २.४ ही आवृत्ती आली, जिला जुनी फाइल चालतच नाही. वर्षानुवर्षे सजवलेल्या त्या ग्रंथाकडे पाहून ती सुरू व्हायचेच नाकारते.

एवढे सगळे निस्तरल्यावरही, पत्र खरोखर पत्त्यातील ‘@’नंतरच्या नावाच्या मालकाकडूनच निघाले हे सिद्ध करणारी डीकेआयएम ही सही, पाठवण्याचा अधिकार कोणाला हे जाहीर करणारी एसपीएफ नोंद, असे सर्व सोपस्कार पूर्ण असूनही, लहान सर्व्हरचे पत्र बड्या कंपन्यांचे दरवान कारण न सांगता स्पॅममध्ये टाकतात. बरोबरीच्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून केलेल्या नियमांचा हा अपमान आहे, आणि येथे विनोद सुचत नाही.

मात्र त्याच नियमांत असेही सांगितले आहे की समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणाऱ्याने पत्र लगेच परत न धाडता चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. त्यामुळे पोस्टमास्तर मध्यरात्री फाइलशी झुंजत असताना कुठले कुठले अनोळखी संगणक त्यांच्या नावाची पत्रे धरून थांबलेले असतात, तक्रार न करता अधूनमधून दार वाजवतात, आणि डव्हकॉट उठताच ती हवाली करतात. त्यांत बहुधा विजेचे बिल असते, आणि ते भरायची मुदतही टळलेली नसते.