दूरस्थ अध्यापकाने उपस्थित कसे दिसावे

ब्रिटिश विद्यापीठांचा ‘पीजीसीई इंटरनॅशनल’, म्हणजे देशोदेशीच्या आंतरराष्ट्रीय शाळांत नोकरी करता करता ऑनलाइन पुरा करावयाचा पदव्युत्तर अध्यापन-प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम, ज्याने पत्करला आहे, त्या उमेदवाराने प्रथम घड्याळाशी सलोखा करावा. हिवाळ्यात लंडनला सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा दुबईत रात्रीचे दहा, पुण्यात साडेअकरा आणि बँकॉकमध्ये मध्यरात्र उलटून एक वाजलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन आपली घड्याळे पुढे सरकवते आणि पुणेकर उमेदवाराच्या पदरात तासभर झोप पडते, ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वसूल केली जाते.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडलेल्या ‘कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी’ या प्रारूपानुसार ऑनलाइन वर्गाला सामाजिक, बोधात्मक आणि अध्यापनविषयक अशा तीन उपस्थिती लागतात. कॅमेरा बंद ठेवून वरणभात जेवणाऱ्याची चौथी उपस्थिती त्यांनी जमेस धरलेली नाही. सामाजिक उपस्थिती चर्चाफलकावर सिद्ध करावी, आणि त्यासाठी सहाध्यायाच्या टिपणाखाली आधी सहमती, मग कृतज्ञता व अखेरीस टिपण वाचल्याचा संशय यावा असा एखादा प्रश्न लिहावा. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मोठ्या वर्गातून चौघा-पाचजणांना ज्या आभासी खोलीत धाडले जाते तेथे, आवाज येतो की नाही याची चौकशी आणि प्रवक्त्याची निवड एवढे उरकले, की विषय निघण्याच्या सुमारास खोली आपोआप बंद होते.

खरी कसोटी चिंतनलेखनाची. ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८ च्या चिंतनचक्रात वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना असे सहा टप्पे असल्याने, ज्या दिवशी तास सुरळीत पार पडतो त्या दिवशी उमेदवाराची पंचाईत होते, कारण चक्र फिरवायला काही बिघडलेले असावे लागते. उलट सातवीच्या वर्गाने अपूर्णांकांचा पुरता बोजवारा उडवला, तर तो दिवस लाभाचा मानावा आणि घरी पोचेपर्यंत व्यथा ताजी राखावी. वर्गात खुर्ची फेकणाऱ्या मुलाचे काय करावे, हे मात्र प्राध्यापक नसलेल्या व्हॉट्सॲप गटावर विचारावे. तेथे उत्तर तत्काळ मिळते आणि बहुधा उपयोगीही पडते, फक्त त्याला गुण नसतात.

शेवटची सूचना शुल्क भरण्यापूर्वीच अमलात आणावी: या प्रमाणपत्राने ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’, म्हणजे इंग्लंडमधील अर्हताप्राप्त शिक्षकाचा अधिकृत दर्जा, आपोआप मिळत नाही, तेव्हा माहितीपत्रकात ते वाक्य शोधून काढावे आणि मगच बँकेचा तपशील भरावा.