खाऱ्या पाण्याचा भाडेकरू

अण्णांच्या ओट्याखाली दोन बादल्या असतात. पांढरीवर कागद चिकटवलाय : 'हे पाणी गोडे आहे, पण आपल्यासाठी नाही.' निळीवर : 'हा समुद्र आहे. पाय धुऊ नयेत.' पांढरीत फिल्टरचं पाणी, निळीत मीठ कालवून ठेवलेलं, आणि तळाशी एक छोटा पंप दमेकरी मांजरासारखा घुरघुरत असतो. वहिनींच्या बहिणीने एकदा निळीतलं पाणी घेऊन कुकरला वरण लावलं होतं. पाट्या त्यानंतरच्या.

कोथरूडहून समुद्र गाठायचा तर ताम्हिणी घाट उतरावा लागतो. अण्णांनी उलटं केलं, समुद्रच तिसऱ्या मजल्यावर चढवला. चार फुटी टाकी, अडीचशे लिटर पाणी, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. पुढचा गुणाकार त्यांनी मला जिन्यात अडवून ऐकवला : पावणेनऊ किलो. तेही पोळ्यांच्या कणकेत घालतो ते नव्हे, समुद्रात जे जे म्हणून विरघळलेलं असतं ते सगळं मोजून घातलेलं, डब्यातून येणारं. शिवाय दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे पुन्हा पाऊण किलोच्या वर मीठ. काच, दगड, पाणी मिळून वजन तीनशे किलोंवर जातं हे कळल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्लॅबबद्दल लेखी विचारणा केली. अण्णांनी लेखी उत्तर दिलं : 'गणपतीत आपल्या घरी आरतीला एका वेळी वीस सभासद उभे असतात. कृपया त्यांचे वजन कळवावे.' पत्रव्यवहार तिथेच संपला.

गोल्डफिश पाळणारे घरोघरी असतात. मासा मेला की दुसरा आणतात, टाकी गळायला लागली की तिच्यात कांदे-बटाटे ठेवतात. खाऱ्या पाण्यावाल्याची जातकुळी निराळी. हा बहुधा पन्नाशी ओलांडलेला, हिशेबाच्या धंद्यातला, आणि आकडा नसलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारा असतो. अण्णा बँकेच्या ऑडिटमधून निवृत्त झाले. ह्या लोकांच्या शर्टाच्या बाहीवर कोपराच्या आसपास मिठाचा पांढरा ओघळ वाळलेला असतो. दोघे भेटले तर बायकामुलांची चौकशी करत नाहीत.

"अमोनिया?"

"शून्य."

"नायट्रेट?"

"दहा."

"वा!" आणि ते 'वा' असं, की भीमसेनांनी नुकताच षड्ज लावलाय.

मूळ रोग शाळेतला. इयत्ता सहावीची सहल मुंबईला गेली होती, आणि मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात (ते १९५१ सालचं) एका खाऱ्या टाकीपुढे अण्णा असे खिळले की मास्तरांना बस पाऊण तास थांबवावी लागली. मग नोकरी, लग्न, आणि मुख्य म्हणजे वाडा. नारायण पेठेतल्या वडिलोपार्जित वाड्यात दोन खोल्यांचा एक भाडेकरू होता. भाडं महिना अकरा रुपये. त्याच्याशी अण्णांचा खटला बावीस वर्षं चालला. भाडेनियंत्रणाचा १९४७ चा कायदा गेला, १९९९ चा आला, भाडेकरू जागच्या जागी. ताबा, पोटभाडेकरू, मनाई हुकूम हे शब्द त्या घरातली पोरं 'आई-बाबा'नंतर लगेच शिकली. शेवटी वाडा बिल्डरला गेला, सगळ्यांना फ्लॅट मिळाले आणि अण्णांच्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. त्या पोकळीत टाकी आली.

टाकी आली तरी मासे लगेच घालता येत नाहीत. टाकी मुरावी लागते. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो जहर. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही जहरच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने गरीब. ह्या दोन्ही जिवाणूंचं बस्तान बसायला महिना-दीड महिना लागतो. मीठ घालून मुरत ठेवणं हे आपल्याकडे लोणच्याचं शास्त्र, पण हे लोक त्याला 'सायकल होणं' म्हणतात. अण्णा महिनाभर फोनवर "अजून सायकल झाली नाही" असं सांगत होते. माई, म्हणजे अण्णांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या घरात, त्यांनी शेवटी नातवाला जवळ बोलावून सांगितलं, "अरे, एवढा पैसेवाला बाप, आणि सायकलीला इतका का रडतोय? माझ्या पेन्शनीतून घे."

आता, जिवाणूंना अमोनिया कुठून मिळणार? हल्ली जाणते लोक मासा न घालता बाटलीतला अमोनिया मोजून टाकतात. पण अण्णांना भेटला जुन्या वळणाचा दुकानदार. त्याने सांगितलं, एक डॅमसेल टाका. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात चिवट, काही झालं तरी मरत नाही. आणि मेला तर मेला. टाकी तयार झाली की काढून घ्या, मग चांगले मासे आणा. बावीस वर्षं भाडेकरूशी झुंजलेल्या माणसाने 'मग काढून घ्या' ह्या तीन शब्दांवर विश्वास ठेवावा, ह्याला मी विधिलिखित म्हणतो.

डॅमसेल म्हणजे इंग्रजीत कुमारिका. नाव ठेवणाऱ्याने स्थळाच्या पत्रिकेवरून ठेवलं असावं, प्रत्यक्ष बघून नव्हे. दुकानातल्या पिशवीत तो दोन-अडीच सेंटिमीटरचा होता, काजळासारखा काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके : दोन कुशींवर एकेक आणि एक बरोब्बर कपाळावर. माई म्हणाल्या, "गंध लावून आलाय हो!" दुकानात ह्याला डॉमिनो म्हणतात. हा वाढून अर्ध्या वितेहून मोठा होतो, ठिपके पुसट होत जातात, आणि काजळाचं कळकट राखाडी होतं. हे दुकानदार सांगत नाही. तशी कोणती स्थळं सगळं सांगतात?

डॉमिनोने अमोनिया सोसला, नायट्राइट सोसलं, एका गुरुवारी सहा तास लाईट गेली तीही सोसली. त्या दिवशी घरातली माणसं पाळीपाळीने वाटीने पाणी वरून ओतत होती, हवा मिळावी म्हणून. सायकल झाली. तोवर डॉमिनोने डाव्या कोपऱ्यातली कपार धरली होती. मग अण्णांनी हौसेने नारिंगी क्लाऊनफिशची जोडी आणली. पिशवी पाण्यात तरंगत असतानाच डॉमिनो बाहेरून प्लास्टिकला धडका देत होता. सोडल्यावर तासाभरात दोघांच्या शेपट्यांच्या झालरी झाल्या.

गंमत अशी, की क्लाऊनफिश आणि डॅमसेल एकाच कुळातले. समुद्रात डॉमिनोची पोरं क्लाऊनफिशच्याच समुद्रफुलात त्यांच्या शेजारी राहतात. "म्हणजे ही भाऊबंदकी," अण्णा मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. हा विषय त्यांच्या अभ्यासातला होता. ह्याच कुळातल्या पट्टेरी हंबगमध्ये नर मेला की सगळ्यात मोठी मादी नर होते, आणि क्लाऊनफिशमध्ये मादी मेली की नर मादी होतो, ही माहिती ते लग्नाच्या पंगतीत सांगतात. वधूकडच्या एका आजोबांचा जिलबीचा घास हातातच राहिला होता.

मग बेदखलीची कारवाई सुरू झाली. जाळी टाकली, डॉमिनो कपारीत. रात्री दोनला टॉर्च घेऊन बसले, डॉमिनो कपारीत आणि वहिनी दारात. प्लास्टिकची बाटली कापून, तोंड उलटं बसवून सापळा केला, आत कोळंबीचा तुकडा ठेवला. सापळ्यात दोन्ही क्लाऊनफिश गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच दोघे गेले. डॉमिनो बाहेर थांबून, अण्णांच्या शब्दांत, 'पंचनामा' करत होता. दगडांची मांडणी बदलली की जुनी हद्द विसरतो असं वाचलं होतं, म्हणून सगळी मांडणी बदलली. डॉमिनोने नवी कपार निवडली. जुनीपेक्षा मोठी.

(दगडही अण्णांनी सिमेंटचे घडवून घेतलेत. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीत, त्यामुळे त्याची खरेदी-विक्री गुन्हा. तरी एका दुकानात कोणीतरी आतल्या खोलीत या म्हणून खुणावलं होतं. अण्णा तिथूनच उलट फिरले. एका आयुष्यात एक कोर्ट पुरे, म्हणाले.)

कोळंबीचंही सांगायला हवं. घर शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. आणि फ्रीजरमध्ये उकडीच्या मोदकांच्या सारणाशेजारी बारक्या गोठवलेल्या कोळंबीच्या वड्या. वहिनींनी वर्षभर मौन पाळलं, मग एक स्टीलचा डबा दिला आणि डब्यावर हळदीकुंकवाच्या बोटाने नव्हे, नेलपॉलिशने फुली मारली. श्रावणात डॉमिनोलाही पालकाचं पान मिळतं. तो खातो. त्याला सगळं चालतं, तोच तर प्रश्न आहे.

पुढे कोणीतरी आरशाचा उपाय सांगितला. काचेला बाहेरून आरसा लावा, स्वतःचंच प्रतिबिंब दुसरा मासा समजून तो त्याच्याशी भांडत बसेल, बाकीच्यांना श्वास घेता येईल. 'फाइंडिंग निमो' ह्या २००३ च्या सिनेमात एक पट्टेरी डॅमसेल काचेतल्या प्रतिबिंबाला सख्खी बहीण समजत असते, ते बघून नातवंडं हसतात. आमच्या डॉमिनोला बहीण वगैरे वाटलं नाही. अण्णांचा दाढीचा आरसा लावल्या क्षणी तो त्याच्यावर तुटून पडला, आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत भांडला. क्लाऊनफिश सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या पाण्यात आले. आरसा काढायची सोय नव्हती, म्हणून अण्णा टाकीसमोर बसून दाढी करू लागले. एका बाजूला ते गालाला साबण लावतायत, दुसऱ्या बाजूला हा तोंडं वेंगाडतोय, असा तो सकाळचा देखावा असे. दूधवाला मुद्दाम थांबून बघायचा.

टाकीत हात घातला की डॉमिनो चावतो. लागत फार नाही, पण अपमान होतो. म्हणून काच घासताना अण्णा कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालतात. हे मासे टकटक असा आवाजही काढतात, ही खरी गोष्ट आहे. मुक्कामाच्या पाहुण्याला रात्री उठवून अण्णा काचेला कान लावायला सांगतात. पाहुण्याला पंप ऐकू येतो. "आला ना?" "आला, आला," असं म्हणून पाहुणा झोपायला जातो आणि पुढच्या वेळी हॉटेलात उतरतो.

टाकी आल्यापासून गावाला जाणं बंद होतं. मीठ काही उडत नाही, पाणी उडतं. रोज गोडं पाणी घालून पातळी राखायची. अखेर मला किल्ली आणि चार पानी सूचना देऊन दोघं तीन दिवस मालवणला गेली. तिथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तोंडात नळी धरून पोहणाऱ्यांभोवती पिवळे-काळे पट्टेवाले डॅमसेल घोंघावतात. वहिनींनी आल्यावर सांगितलं ते असं : बाकीचे पर्यटक किल्ला बघत होते. ह्यांनी खिशातून खारटपणा मोजायची नळी काढली, तिच्यावर समुद्राचे दोन थेंब टाकले, डोळ्याला लावली, आणि होडीवाल्याला म्हणाले, "चौतीस. आमच्याकडे पस्तीस असतं."

परवाच्या रविवारी मात्र अण्णांनी निर्णायक चढाई केली. सकाळी सात वाजता मला हाक आली. दिवाणखान्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांवर सिमेंटचे ओले दगड, अर्धं पाणी पिंपात. उरलेल्या वीतभर पाण्यात लपायला काही नव्हतं, तरी आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली. जाळीत आल्यावर त्याने कपाळावरच्या पुसट ठिपक्यासकट माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. निळ्या बादलीत त्याला ठेवून, वर झाकण लावून, अण्णा दुकानाकडे निघाले.

"जातो गं, सोडून येतो ह्याला."

माई देवघरातून म्हणाल्या, "जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं."

मी आणि वहिनींनी दगड परत रचले, पाणी भरलं. टाकीत आता क्लाऊनफिशची जोडी आणि मध्यंतरी आणलेला एक निळा डॅमसेल, बोटाच्या दोन पेरांएवढा, वर्षभर पंपामागे घाबरून बसलेला. वाड्यातला भाडेकरू शेवटी निघाला तेव्हा त्याचं कपाट टेम्पोत चढवायला अण्णाच पुढे झाले होते, आणि मग दोन दिवस जेवले नव्हते, हे वहिनींनी मला त्या दिवशी चहा ओतताना सांगितलं.

दीड तासाने बेल वाजली. अण्णा दारात, हातात निळी बादली, पुढून शर्ट भिजलेला.

"काय झालं?"

"घेत नाही म्हणाला. त्याच्याकडेच चार आहेत. चार टाक्यांत."

बादली खाली ठेवून ते टाकीकडे वळले. डाव्या कोपऱ्यातल्या कपारीच्या तोंडाशी निळा डॅमसेल पंख पसरून उभा होता. क्लाऊनफिश त्या बाजूला वळला, तसा त्याने त्याला थेट उजव्या काचेपर्यंत पिटाळलं आणि शांतपणे जागेवर येऊन उभा राहिला.

अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ताबा गेला हो ह्याचा." आवाजात कळवळा कोणाविषयी होता, मला कळलं नाही.

संध्याकाळी हात धुवायला त्यांच्या न्हाणीघरात गेलो, तर निळी बादली कोपऱ्यात, आत हवेची नळी सोडलेली, काठाला दाढीचा आरसा टेकवलेला. वर भिंतीवर ताजा कागद होता : 'बादली हलवू नये. आत राहतात.'