काका डाव्या सीटवर, पाय ब्रेकवर

आमच्या गाडीला तीन ब्रेक आहेत. एक पायाचा, एक हाताचा आणि एक बापूकाकांचा. हा तिसरा ब्रेक डाव्या सीटपुढच्या रबरी मॅटखाली आहे, अशी काकांची पक्की समजूत आहे. डोंबिवली सोडल्यापासून संगमेश्वर येईपर्यंत ते तो दाबत असतात. काका एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या कपाटात धोतरांच्या घडीखाली आहे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण उजवा पाय अजून ड्युटीवरच आहे.

गणपतीला गावी जायचं तर मोबाइलवरचा नकाशा म्हणाला, सहा तास पन्नास मिनिटं. काका म्हणाले, "डबा दोन वेळचा घ्या."

रात्री दहाला निघायचं ठरलं होतं. पावणेदहाला काका खाली पार्किंगमध्ये उतरले आणि डेपोतून गाडी बाहेर काढतात तशी तपासणी सुरू झाली. चाकात हवा, वायपरचं रबर, दिवे, इंडिकेटर. मग त्यांनी मागच्या काचेकडे पाहिलं. तिथे पुठ्ठ्याचं मखर, फळांची पेटी, आईच्या दोन पिशव्या आणि एक टेबलफॅन असा संसार काचेला नाक लावून बसला होता.

"मागचं दिसतंय का?"

"आरसे आहेत ना काका बाजूला."

"मग पुढचीही काच झाक. बाजूच्या खिडकीतनं बघून चालव."

सगळं उतरवून पुन्हा भरलं. मखर माझ्या बायकोच्या मांडीवर आलं आणि पुढचा सगळा प्रवास तिने देव्हाऱ्यात बसल्यासारखा केला. नंतर स्टेपनी निघाली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच उजेडात येत होती. तिच्यात हवा नव्हती. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांची आठवण झाली. पेट्रोल पंपावर हवा भरून निघेस्तोवर साडेअकरा वाजले.

गाडीत आणखी एक तज्ज्ञ होती. आमची लेक. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली असून ती लर्निंग लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मोबाइलवर रस्त्याच्या खुणा एकेक समोर आणायची आणि ओरडून उत्तर द्यायची.

"साठ टक्के मिळाले की पास," ती म्हणाली.

"म्हणजे चाळीस टक्के खुणा न कळता गाडी चालवायची परवानगी आहे," तिची आई मखराआडून म्हणाली. "समोरचा तो बघ, आत्ताच पास झालेला दिसतोय."

पळस्पे फाट्याला महामार्ग लागला. हा पनवेलहून निघून थेट कन्याकुमारीला जातो, सोळाशे किलोमीटर. पूर्वी त्याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. रस्त्याची कामं चालू राहतात, पण आकडा मात्र एका दमात एकोणपन्नासने वाढला. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा आमची लेक चार वर्षांची होती आणि "अजून किती लांब?" हे एकच वाक्य तिला नीट येत होतं. आता तिला मतदान करता येतं. प्रश्न तोच आहे.

वडखळच्या पुढे खड्डे लागले. मी खड्ड्यांविषयी लिहिणार नाही, मराठीत त्यावर पुरेसं लिहून झालंय. फक्त पेव्हर ब्लॉकविषयी बोलायचंय. खड्डा डांबराने बुजवला तर पुढच्या पावसात पुन्हा खड्डा होतो. म्हणून कुणीतरी शक्कल लढवली आणि अंगणात घालतात ते पेव्हर ब्लॉक खड्ड्यात बसवले. आता कडेचं डांबर झिजतं, ब्लॉक जागचे हलत नाहीत. खड्ड्याचं टेंगूळ होतं. खड्डा निदान पाणी भरल्यावर चकाकतो तरी. टेंगूळ अंधारात गप्प बसून राहतं.

काँक्रीटचा तुकडा लागला की मी खूश होऊन पाय दाबायचो आणि काकांचा ब्रेक लागायचा. त्यांचंच बरोबर निघायचं. ऐंशीच्या वेगाने दोन किलोमीटर जावं तर पुढे एक ड्रम, ड्रमावर पांढरी पट्टी, आणि सगळी वाहतूक डावीकडे खालच्या कच्च्या रस्त्यावर. 'पुढे काम चालू आहे' हा बोर्ड ड्रमाच्या पुढे चाळीस पावलांवर, म्हणजे खाली उतरून झाल्यावर दिसतो. त्यावर माती उडालेली असते. लेकीने मोबाइलमधली खूण दाखवली. "ही बघा, त्रिकोणात फावडं घेतलेला माणूस."

"तो रजेवर गेलाय," काका म्हणाले.

काकांची भाषा वेगळी होती. ती कुठल्याही पुस्तकात नाही आणि तिच्यावर परीक्षाही होत नाही. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. लेक म्हणाली, उजवीकडे वळतोय. काका म्हणाले, "वळायला तिथे आहे काय? दरी आहे." त्यांच्या मते उजव्या इंडिकेटरचे अर्थ तीन. मी वळतोय. समोरून कुणी येतंय, थांब. किंवा, कुणी येत नाही, जा. यातला कुठला, ते ट्रककडे नाही, रस्त्याकडे बघून ठरवायचं. शंका असेल तर क्लीनरच्या हाताची वाट बघायची. डावीकडच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो, तळवा खाली करून पाण्यात मासा पोहावा तसा हलतो, की खुशाल निघावं. भर रात्री, चेहरा कधीच न दिसणाऱ्या त्या पोराच्या मनगटावर आम्ही पाच जण मखरासकट पुढे गेलो.

समोरून डिपर आला की पुस्तकाप्रमाणे काहीही असो, अर्थ एकच, "मी येतोय, तू थांब." दिवसाढवळ्या डिपर आला तर पुढे पोलीस उभे आहेत. आणि ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद केलं, तरी ते वाचून हॉर्न वाजवणारे अजून वाजवतायत. पाटी गेली, हुकूम राहिला.

कोलाडच्या अलीकडे काका एकदम ओरडले, "टहाळा! उजवीकडे घे!"

मी घेतली. दिव्यात दिसलं, रस्त्याच्या मधोमध एक हिरवी फांदी उभी होती, वाऱ्यावर मान हलवत. तिच्या बुडाशी गुडघाभर खोल खड्डा. कुणी गावकऱ्याने, नाहीतर आधी त्यात आपटलेल्या एखाद्या दुचाकीवाल्याने, कमरेत हात ठेवून चार शिव्या घातल्या असतील आणि मग शेजारच्या झाडाची फांदी मोडून आत रोवली असेल.

"ही खूण कुठाय तुझ्यात?" काकांनी विचारलं. लेकीने सगळे गोल आणि सगळे त्रिकोण चाळले. नव्हती.

माणगाव हे गाव नसून मुक्काम आहे. तिथे आम्ही दोन तास होतो. एका रांगेच्या दोन झाल्या, दोनच्या चार, आणि चौथीतले समोरून येणाऱ्यांच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. शेंगावाला प्रत्येक गाडीपाशी इतका वेळ थांबत होता की त्याची ओळख झाली. शेवटी काका उतरले, टॉवेल खांद्यावरून काढला आणि चौथ्या रांगेला मागे सरकवायला लागले. एका मोठ्या गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "तुम्ही कोण?" काका म्हणाले, "मी ड्रायव्हर." एवढंच. पण ते असं म्हणाले, की त्याने गाडी मागे घेतली. बंदोबस्तावरचा हवालदार पावसात भिजून चिंब झाला होता. त्याने काकांना चहा पाजला आणि डेपो कुठला ते विचारलं.

महाडपाशी सावित्रीच्या पुलावर मात्र काका बोलत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशांच्या वेळचा जुना पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. पूल संपेपर्यंत काकांचा पाय मॅटवर घट्ट दाबलेला होता. आम्हीही गप्प होतो.

पोलादपूर आलं तेव्हा पहाटेचे सव्वापाच झाले होते. मी जांभई लपवली. काकांनी ती ऐकली. "डाव्या बाजूला घे, पार रस्त्याच्या बाहेर. वीस मिनिटं झोप."

"चहा घेतो ना काका, जाते झोप."

"चहाने झोप जात नाही, मेल्या. चहा प्यालेला माणूस झोपतो, एवढंच."

वीस मिनिटांनी त्यांनी मला उठवलं. कशेडीचा घाट चुकवून आम्ही बोगद्यातून गेलो. २०२३ च्या गणपतीत त्यातला पहिला बोगदा लहान गाड्यांना खुला झाला. पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत संपला, याचं सगळ्यांना कौतुक. काकांना नाही. बत्तीस वर्षं कमावलेलं कौशल्य डोंगराच्या पोटातून कुणीतरी पार केलं होतं. "घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची," ते पुटपुटले. लेक म्हणाली, "हो आजोबा, हे आहे माझ्या पुस्तकात." रात्रभरात दोघांचं एकमत झालेलं तेवढंच.

पुढे रस्त्यावर गुरं बसलेली. पावसाळ्यात गोठा ओला, रान ओलं. काँक्रीट तेवढं कोरडं आणि उबदार. चौपदरीकरणाचा पुरेपूर उपभोग कुणी घेत असेल तर ती गाय. ती उठून चालायला लागली की तिच्या पुढून जायचं नाही, शेपटीकडून जायचं. जनावर पुढे पाऊल टाकतं, मागे टाकत नाही. दुचाकीवाल्याचं तसं नसतं. आपल्याच बाजूने समोरून एक कुटुंब आलं, चौघं, एक हेल्मेट, तेही आरशाला अडकवलेलं. दुभाजकातला कट दीड किलोमीटर लांब, दूध घालायचं घर पलीकडे. तो आमच्याकडे पाहून हसला. चूक आमची असावी असं मलाही वाटलं.

चिपळूण गेलं, सावर्डे गेलं, आणि घर अर्ध्या तासावर असताना धाड्‌कन आवाज आला. पुढचं डावं चाक. या खड्ड्यात टहाळा नव्हता.

टायरच्या कडेला बोटभर कट, रिमला पोचा. मी जॅक शोधतोय तोवर काकांनी गाडीमागे बरंच अंतर टाकून तीन दगड मांडले. स्टेपनी चढली. तिच्यात हवा होती. काकांनी त्यावर एक शब्दही काढला नाही, आणि तेच फार झालं. मी गाडी सुरू केली तर ते गायब. मागे जाऊन दगड एकेक उचलून गटारापलीकडे टाकत होते. "ट्रकवाले दगड ठेवून निघून जातात. रात्री त्याच्यावर पोरगं आपटतं." मग कुंपणाच्या पांगाऱ्याची एक फांदी मोडली, काटे वाचवत आणली, खड्ड्यात उभी केली आणि बुडाशी खडी दाबली.

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बारा तास. दोन वेळचा डबा संपला होता.

अनंत चतुर्दशी करून तेराव्या दिवशी परत निघालो. त्या ठिकाणी अजून दोन्हीकडची वाहतूक एकाच बाजूने होती, त्यामुळे खड्डा पुन्हा भेटला. डांबर पडलं नव्हतं, खडी पडली नव्हती. टहाळा तिथेच होता. गाड्या त्याला इतक्या शिस्तीने वळसा घालत होत्या की दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पडल्या होत्या. काकांचा ब्रेक लागला, मग माझाही लागला.

"आजोबा, त्याला पालवी फुटलीय," लेक म्हणाली.

खरंच फुटली होती. टोकाला तीन-तीन कोवळी पानं, पोपटी. चार दिवस पाऊस नव्हता, ती जरा मलूल दिसत होती. काका उतरले, दोन्हीकडची वाहतूक हाताने थांबवली आणि बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतलं.