दाबाला न जुमानणारी काच

आमच्या घरात फोनवर सगळ्यात जास्त जोर लावतात ते माझे सासरे. अण्णा सरकारी कचेरीत टंकलेखक होते. चार कार्बनखाली शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटवायचं तर टाइपरायटरच्या किल्लीवर घाव घालावाच लागे. प्रत पुसट आली की साहेब कागद परत पाठवत. टाइपरायटर गेला, घाव राहिला. हल्ली अण्णा व्हॉट्सॲपवर कुणाला ‘शुभेच्छा’ देतात, तेव्हा टेबलावरच्या भांड्यातलं पाणी हलतं.

पण एकट्या अण्णांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जोर लावल्याशिवाय काम होत नाही, यावर आपल्या सगळ्यांचीच श्रद्धा आहे. लिफ्टचं बटण आधीच्या माणसाने दाबलेलं असतं, दिवा लागलेला असतो, तरी येणारा प्रत्येक जण ते पुन्हा दाबतो. रिमोटचे सेल संपत आले की आपण सेल बदलत नाही, जोर वाढवतो. कचेरीतली फाइलसुद्धा वरून दाब आल्याशिवाय हलत नाही. अशा देशात दाबाला अजिबात न जुमानणारी एक वस्तू आली आणि मुकाट्याने प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसली. ही वस्तू म्हणजे टचस्क्रीन.

तिचं गणितच वेगळं आहे. फोनच्या काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या अतिशय पातळ आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. हा पदार्थ विजेला वाट देतो आणि प्रकाशालाही. म्हणून जाळी असूनही आपल्याला दिसत नाही. रेषा जिथे एकमेकींना छेद देतात तिथे थोडासा विद्युतभार साठलेला असतो. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारट पाणी, विजेला चालणारं. बोट काचेजवळ आलं की त्या जागचा थोडा भार ते आपल्याकडे ओढून घेतं. दिवाळीत फराळाचा डबा मोजून ठेवणारी आई जशी कुठल्या थरातली चकली कमी झाली एवढ्यावरून कुठल्या पोराचा हात लागला ते ओळखते, तशी फोनमधली चिप सेकंदाला साठ-साठ, कधी एकशेवीस वेळा सगळी जाळी मोजते आणि कुठे घट झाली त्यावरून बोटाची जागा ठरवते. या सगळ्यात दाबण्याचा संबंध कुठेच येत नाही.

हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग जोरात दाबल्यावर चालतं ते कसं?”

“अण्णा, दाबलं की बोट चपटं होतं. काचेवर जास्त जागा व्यापतं. म्हणून फोनला ते नीट कळतं.”

“म्हणजे दाबल्याने फरक पडतोच ना!”

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाशी नियमांवर वाद घालू नये. त्यांचा खरा प्रश्न जोराचा नाहीच, बोट उचलण्याचा आहे. काम झाल्याची खात्री पटेपर्यंत अण्णा बोट उचलत नाहीत. तेवढ्यात फोनची समजूत होते, की या गृहस्थांना हे ॲप इकडून तिकडे हलवायचंय किंवा काढूनच टाकायचंय. मग नात धावत येते. “आबा, सोडा ना! टेकवायचं आणि सोडायचं!” अण्णा सोडतात, पण सोडताना बोट घसरतं आणि कॅल्क्युलेटर उघडतो. आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उघडलेलं आणि सर्वांत कमी वापरलेलं ॲप तेच आहे.

अण्णांच्या बाजूने बोलायचं तर दाब कळणारे पडदेही आहेत. त्यात दोन थर असतात, मध्ये बारीकशी फट. वरचा थर दबला आणि खालच्याला टेकला की नोंद होते. तिथे पेन चालतं, नख चालतं, हातमोजाही चालतो. १९९६ साली आलेला पाम पायलट अशाच पडद्याचा. त्याला टोकदार काडी दिलेली असे. अशा पडद्यांची एक खोड म्हणजे ते कालांतराने मोजणीत सरकतात. बोट एका जागी आणि नोंद दुसऱ्याच जागी. आमच्या भागातल्या एका एटीएमवर जुनी गिऱ्हाइकं नव्यांना रांगेतूनच सांगतात, “सेव्हिंग पाहिजे ना? मग करंटच्या जरा वर दाबा.” बँकेने लावलेल्या सूचनाफलकापेक्षा ही सूचना जास्त उपयोगी पडते.

भार मोजणाऱ्या पडद्याची गंमत अशी, की त्याला माणूस ओळखता येत नाही. वीज वाहून नेणारा पदार्थ तेवढा कळतो. कणीक मळताना फोन आला की आमच्या सासूबाई तो नाकाने घेतात. नाक चालतं. कोपर चालतं. पदर गुंडाळलेलं बोट मात्र चालत नाही आणि नुसतं वाढलेलं नखही नाही. सोललेलं केळंही चालतं. दक्षिण कोरियात २०१० च्या कडाक्याच्या थंडीत लोक हातमोजे न काढता सॉसेजने फोन चालवायला लागल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. आणि २०१८ साली हवाईमधल्या एका सील-रुग्णालयात फोनच्या पडद्यावर पाल बसली आणि तिच्या इवल्या पायांनी भराभर फोन लागत राहिले. आपल्याकडे पाल नुसती चुकचुकते. तिथे तिने फोन करून कळवलं.

पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पाण्याचा थेंब म्हणजे काचेच्या दृष्टीने जवळजवळ बोटच. लोकलमधून उतरून छत्री उघडेपर्यंत फोन भिजतो आणि आपला आपण वागू लागतो. आपण नवऱ्याला फोन लावायला जातो आणि लागतो गॅसवाल्याला. स्वयंपाकघरात इंडक्शनच्या शेगडीची तीच तऱ्हा. दूध उतू गेलं की ते नेमकं बटणांच्या पट्टीवर पसरतं. शेगडी बंद करायची खूण त्या दुधाखाली. वरून दाबावं तर शेगडी फक्त टीं-टीं करते. बोट कुठलं आणि दूध कुठलं, हे तिला कळत नाही. गॅसच्या कानाला असला प्रश्न कधी पडला नव्हता. दूध उतू जायचं तेव्हाही, पण बंद करणाऱ्याचं ऐकलं जायचं.

ही जादू मुळात आपल्यासाठी नव्हतीच. १९६५ साली इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी असा पडदा मांडला, तो विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी. पुढे सर्न या संशोधन केंद्रात फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी एका प्रचंड कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी स्पर्शपडदे तयार केले. तो त्वरक १९७६ मध्ये सुरू झाला. विमानं आणि अणूतले कण हाताळायला निघालेली ही कल्पना २००७ च्या आयफोननंतर घराघरांत शिरली आणि आता पहाटे पाचला गुलाबाच्या फुलासह ‘सुप्रभात’ पाठवण्याच्या कामी येते. शास्त्रज्ञांना कल्पना असती तर त्यांनी निदान फुलं तरी बरी निवडली असती.

कामं मात्र टचस्क्रीनने पुष्कळ सोपी केली, हे मान्य करायला हवं. वाचता न येणारी बाईसुद्धा चित्र बघून नातवाला व्हिडिओ कॉल लावते. फोटोतला चेहरा दिसला नाही तर दोन बोटं फाकवून मोठा करते. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मुंबईच्या स्टेशनांवर तिकिटाची यंत्रं आली आणि खिडकीपुढची रांग थोडी हलली. त्या यंत्राशेजारी रेल्वेने निवृत्त कर्मचारी नेमले, प्रवाशांच्या वतीने पडद्याला बोट लावायला. आपलं आपण तिकीट काढायचं यंत्र, आणि ते काढून द्यायला शेजारी माणूस! मला यात काहीच वावगं वाटत नाही. घाईत असलेल्या माणसाला यंत्रापेक्षा काका बरे. कुरियरवाल्याच्या फोनवर बोटाने सही करायची पद्धतही अशीच रुळली. माझी खरी सही आणि तिथली सही शेजारी ठेवल्या तर कुठलीही बँक दोघींनाही पैसे देणार नाही. पार्सल मात्र मिळतं.

माझी तक्रार एकच आहे: जिथे डोळे दुसरीकडे हवेत, तिथे काच कशाला? माझ्या भावाने नवी गाडी घेतली. तिच्यात एसीचा वारा कमी करायला पडद्यावर तीन पायऱ्या उतराव्या लागतात. खंबाटकी घाटात पुढे ट्रक, बाजूला कठडा, आणि हा पडद्यावर पंख्याचं चित्र शोधतोय. मागून वहिनी म्हणते, “राहू दे रे, खिडकी उघड!” जुन्या गाडीत खटका नुसत्या हाताला सापडायचा, कारण त्याला उंचवटा होता. सपाट काचेला बोटाचा स्पर्श कळतो, पण बोटाला काचेवरचं काहीच कळत नाही. हे आता मोठ्यांच्याही लक्षात आलंय. २०१७ मध्ये ‘जॉन मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची सिंगापूरजवळ टक्कर होऊन दहा खलाशी गेले. पडद्यावरच्या नियंत्रणांचा गोंधळ त्यात एक कारण ठरला, आणि अमेरिकेच्या नौदलाने हाताने ओढायच्या दांड्या परत बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून दिशादर्शक, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरीखुरी बटणं असतील तरच पूर्ण गुण, असा निकष लावलाय.

आपल्याकडे हा शहाणपणा आधीपासूनच एका ठिकाणी आहे. मतदान यंत्राला आपण काच लावली नाही. निळं बटण दाबलं की आत जातं, लाल दिवा लागतो, लांबलचक ‘बीप’ ऐकू येतो. बोटाला कळतं, डोळ्यांना कळतं, कानांना कळतं.

तेव्हा वाचकहो, फोन ऐकत नसेल तर त्याच्यावर जोर काढू नका. काच पुसा, बोट कोरडं करा, हलकेच टेकवा आणि लगेच उचला. जोर मतदानाच्या दिवसासाठी राखून ठेवा. तिथे अजून बटण आहे.